संध्याकाळचा गलका

फार पूर्वीची गोष्ट. दिवेलागणीची वेळ होती आणि साळुंक्यांचा वड गप्प होता. साथ आली तेव्हा गरुडराजाने हुकूम काढला होता, एका फांदीवर एकीनेच बसायचं. साथ सरून वर्षं लोटली होती.

"आजी, कान देऊन काय ऐकतेस?" पलीकडच्या फांदीवरून नातीने विचारलं.

"गलका ऐकू येतो का बघतेय, बाई. झोपण्याआधी आम्ही जागेवरून भांडायचो. शेजारीण मला रोज ढकलायची. आता ढकलायलाही कुणी नाही."

म्हातारी गरुडाकडे गेली. "महाराज, तो हुकूम मागे घ्या."

"कशाला? वडावरून भांडणाचा आवाज येत नाही. प्रजा सुखी आहे."

म्हातारी परतली आणि नातीला खेटून बसली. नात घाबरून दुसऱ्या फांदीवर उडाली.

तो हुकूम आजतागायत कुणी मागे घेतलेला नाही.