काचेपलीकडचा

‘मग तो आहे कशावरून?’ असं त्या दिवशी अच्युतरावांनी आपल्या गुरूंना विचारलं, की ‘मग मी रोज जपाला बसतो कशासाठी?’ असं, ते आता त्यांनाच नीट सांगता येत नाही. कदाचित दोन्ही विचारलं असेल. कदाचित यातलं एकही मोठ्याने विचारलं नसेल.

जपाची माळ मात्र खिशात होती, याबद्दल त्यांना शंका नाही.

ती त्या गुरूंनी, नरहरबुवांनीच दिलेली, ऐन तारुण्यात. अच्युतराव पुढे तर्कशास्त्राचे प्राध्यापक झाले, निवृत्त झाले, आणि रोज पहाटे ती माळ ओढत राहिले. समोरून कधी काही आलं नाही. साधा भाससुद्धा नाही. हल्ली त्यांना वाटू लागलं होतं, की आपणच कुठेतरी कमी पडलो. किंवा मग समोर कुणीच नाही. यातलं जास्त वाईट काय, तेही त्यांना ठरवता येत नव्हतं.

त्या दिवशी माळ बुवांना परत करायची, असं ठरवून ते घरातून निघाले होते.

बुवा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कोकणातल्या मठातून मुंबईला आले होते. पट्टी सुटली तसे म्हणाले, “अच्युता, नवा डोळा मिळालाय. तुझ्या मुंबईत बघण्यासारखं काय आहे?”

“समुद्र...”

“तो वरून बघून झालाय. आतून दाखव.”

म्हणून मत्स्यालय.

दारातच बुवांनी वहाणा काढल्या, देवळात काढतात तशा. अच्युतराव नको नको म्हणेपर्यंत ते आत शिरलेही होते.

आत काळोख होता, आणि काळोखात निळ्या उजेडाच्या मोठमोठ्या खिडक्या. माणसं त्यांच्यासमोरून संथ सरकत होती, जणू त्यांच्याही पायांखाली जमीन नव्हती. पोरांचा गलका पाण्यातून आल्यासारखा दबका येत होता. बुवांचं पांढरं धोतर निळं झालं. दाढी निळी झाली. आपण जागे आहोत ना, अशी अच्युतरावांना क्षणभर शंका आली.

सगळ्यांत मोठ्या काचेपुढे बुवा थांबले. त्यांनी झोळीतून कुरमुऱ्यांची पुडी काढली.

मठाखालच्या घाटावर रोज पूजा आटोपली, की ते नदीतल्या माशांना कुरमुरे घालत. मासे त्यांच्या बोटांना तोंड लावत. पुडी त्या सवयीनेच बरोबर आली होती.

“ओ बाबा!” पहाऱ्यावरची बाई धावत आली. “इथे खायला घालायचं नाही हं. पाटी वाचली नाही?”

“अगं बाई, मध्ये एवढी काच. घालणार कसं?”

“मग आणलंत कशाला?”

“दाखवायला.”

बाईने अच्युतरावांकडे पाहिलं. “तुमचे वडील का? जरा सांभाळा त्यांना.”

अच्युतराव ओशाळून बाजूला सरकले. बुवांनी मात्र मूठभर कुरमुरे तळहातावर घेतले, हात काचेसमोर धरला, देवघरात नैवेद्य दाखवतात तसा, आणि डोळे मिटले.

...

पाण्याच्या खोल निळाईतून एक मोठा करडा मासा आला. काचेशी येऊन तरंगत राहिला. तोंड उघडत होता, मिटत होता.

अच्युतराव लाज विसरले. “बुवा! आला... बघतोय तुमच्याकडे!”

“नाही रे.”

“अहो, डोळे तरी उघडा. रोखून बघतोय!”

“स्वतःकडे बघतोय,” बुवा डोळे न उघडताच म्हणाले. “उजेड त्याच्या बाजूला, काळोख आपल्या. त्याला काचेत तोच दिसणार.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

“मीही पुष्कळ वर्षं तसाच बघत होतो.”

मासा वळला. शेपटीची एक संथ झुळूक, आणि पुन्हा नुसतं निळं पाणी.

 अच्युतरावांनी खिशातून माळ काढून पुढे केली.

“ही घ्या. इतकी वर्षं, बुवा... एकदासुद्धा नाही.”

बुवांनी डोळे उघडून माळेकडे पाहिलं. मग हातातले सगळे कुरमुरे त्या माळेवर, अच्युतरावांच्या तळहातावर ओतले.

“खा.”

“मी थट्टा करत नाहीये.”

“मी तरी कुठे करतोय? नैवेद्य दाखवून झालाय. आता खायचा.”

“खा हो, खा,” मागून पहाऱ्यावरची बाई म्हणाली. “माणसांना बंदी नाही.”

अच्युतरावांनी कुरमुरे खाल्ले. सादळलेले होते. माळ पुन्हा खिशात कधी गेली, ते त्यांना कळलं नाही.

...

बुवा गेले, त्यालाही पुढे बरीच वर्षं लोटली. एका व्याख्यानानंतर अच्युतरावांनी माशांवर संशोधन करणाऱ्या एका बाईंना गाठलं आणि चाचरत विचारलं, की टाकीत उजेड आणि बाहेर काळोख असला, तर माशाला माणसं दिसतात का हो?

“फारशी नाही,” त्या म्हणाल्या. “आतून ती काच जवळजवळ आरसाच असते.”

अच्युतरावांची बोटं खिशात माळेवर होती. ती थांबली... आणि पुन्हा चालू लागली.

त्या दिवशी मात्र त्यांच्याजवळ फक्त बुवांचा शब्द होता. मत्स्यालयाबाहेरच्या लख्ख उन्हात ते चिडून म्हणाले होते, “म्हणजे कुणी आलं होतं, हे त्या माशाला कधी कळणारच नाही!”

बुवा डोळ्यांवर हात धरून वहाणा शोधत होते. एक सापडली. दुसरी सापडली.

“मग... उद्या परत येऊ.”