चालणारा शेंदूर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना नावं नव्हती आणि राजांना घाई नव्हती. अशाच एका बिननावाच्या डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावाचं सगळं करडईवर चालायचं. भाजी करडईची, तेल करडईचं, आणि पारावर बसल्यावर बोलणंही करडईचंच. पीक काटेरी, पण गावाला ते फुलाहून लाडकं.

लहानांनो, नीट ऐका. मोठ्यांनी तर जास्तच नीट ऐका, कारण चूक मोठ्यांनीच केली होती.

दोन वर्षं झाली, गावावर संकट आलं होतं. थंडीत आभाळ भरून यायचं आणि करडईवर मावा पडायचा. काळा काळा, खसखशीएवढा किडा, पण लाखांनी! शेंड्याशेंड्याला चिकटून तो झाडाचा रस प्यायचा. पानं चिकट व्हायची, झाड वाळून जायचं. दुसऱ्या वर्षी तर अख्ख्या गावाचं मिळून कसंबसं एक घागर तेल निघालं.

"तिसऱ्या सालीही असंच झालं तर गाव सोडावं लागेल," पाटील म्हणाले.

तेलाचा घाणा होता अंजिराच्या घरचा. अंजिरा वयानं तरणी, हातानं बळकट आणि मनानं अगदी हळवी. तिची लेक चिंगी नुकती चालायला लागली होती, आणि सापडेल ते तोंडात घालायची. माती, दोरी, बैलाच्या गळ्यातली घंटासुद्धा. अंजिराचा अर्धा जीव घाण्यात असायचा आणि दीड जीव त्या पोरीत. एवढ्याशा लेकराला घेऊन कुठल्या वाटेला लागायचं? कुणाच्या ओसरीवर निजवायचं?

त्या गावाची एक रीत होती. नव्या तेलाची पहिली घागर देवाची. ती तेलिणीनं डोक्यावरून न्यायची, वाटेत जमिनीला टेकवायची नाही, आणि सूर्य मावळायच्या आत रिकामी करायची. त्या वर्षी पहिली घागर तीच आणि शेवटची घागरही तीच. तरी रीत ती रीत.

चैत्रातली सकाळ होती. अंजिरा घागरीला फडकं बांधत होती, एवढ्यात डोंगरावरून बिरू धनगर धावत आला. पागोटं हातात, एकाच पायात वहाण.

"देव! देव निघालाय वर!"

"अरे, दम खा. कुठं निघालाय?" पाटलांनी विचारलं.

"कपारीत! हा एवढा मोठा धोंडा. परवा काळा होता, पाटील, मी स्वतः पाठ टेकून बसलो होतो त्याला. आज अंगभर शेंदूर! आणि आईची आण घेऊन सांगतो, तो शेंदूर हलतोय. देव श्वास घेतोय!"

झालं! गाव असा उठला, की जणू कुणी मधाच्या पोळ्याला धक्का दिला. हलगी वाजू लागली. बायकांनी ठेवणीतली लुगडी काढली. एकीची भाकरी तव्यावर करपली, तिनं ती तशीच टाकली. पाटलीणबाईंनी घाईघाईत बांधावरच्या रुईची डहाळी-पानं ओरबाडून माळ ओवली, पानं पुसायलासुद्धा कुणाला सवड नव्हती. भगतानं डोळे मिटले, मान डोलावली आणि सांगितलं, "स्वयंभू आहे! दोन वर्षं रागावला होता, आता प्रकटलाय. त्याला तेल हवंय. घागरभर तेल घाला, की मावा गेला म्हणून समजा!"

अंजिरानं घागरीचं फडकं घट्ट आवळलं. मावा जाणार! गाव राहणार!

सासूचे गुडघे धरलेले. ती म्हणाली, "मी काही डोंगर चढत नाही. पायथ्याशी चुली मांडते, येताना सगळ्यांना भूक लागेल. तू जा."

"आत्याबाई, मग चिंगीला ठेवता का तुमच्याजवळ?"

"चुलीजवळ? ही बया निखारा खाईल माझा! ने तुझी तू."

अशी निघाली अंजिरा. डोक्यावर घागर, कडेवर चिंगी, पुढे हलगी आणि मागे अख्खा गाव. म्हाताऱ्यांनासुद्धा त्या दिवशी धाप लागली नाही.

आणि कपारीशी पोचल्यावर जे दिसलं, ते पाहून हलगीवाल्याचा हात हवेतच राहिला.

काय सांगू! हत्तीएवढा धोंडा, आणि वरपासून खालपर्यंत लालभडक. शेंदराचा थर असा जाड, की बोट रुतावं. फटींमध्ये शेंदूर, उंबराच्या मुळ्यांवर शेंदूर. ऊन पडलं होतं आणि तो सगळा लाल रंग चमचमत होता, इकडून तिकडे सरकत होता, फुगत होता, ओसरत होता. खरंच श्वास घेत होता!

"चांगभलं!" कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळा डोंगर दुमदुमला.

"ओत, पोरी, ओत!" भगत म्हणाला.

अंजिरा पुढे झाली. घागर कलती करायला तिनं हात वर नेला. तेवढ्यात कडेवरची चिंगी वाकली, तिनं धोंड्यावरचा मूठभर शेंदूर उचलला आणि थेट तोंडात!

शेंदूर म्हणजे विष! अंजिरा तशीच खाली बसली. घागर हातांशिवाय तोलायची तिला सवय होती, म्हणून थेंब सांडला नाही. तिनं चिंगीच्या तोंडात बोट घातलं. पोरगी थू थू करत भोकाड पसरून रडू लागली.

बोटावर शेंदूर आलाच नाही. आला एक गोल, टुणटुणीत किडा. पाठीवर लाल ढाल, ढालीवर काळे ठिपके. पाय पोटाशी घेतलेले आणि गुडघ्याजवळ पिवळा, कडू वासाचा थेंब.

अंजिरा बघतच राहिली. अहो, हा तर ढालकिडा!

तिला तो चांगला माहीत होता. थंडीत ती बांधाच्या कोपऱ्यात चिंगीची झोळी बांधायची आणि शेतात राबायची. त्या कोपऱ्यात हे लाल किडे फार. ते लेकराला चावतील म्हणून ती दर थोड्या वेळानं येऊन त्यांच्यावर नजर ठेवायची. आईच्या भीतीला डोळे फार असतात. किडे चिंगीला काही करत नव्हते. ते खात होते मावा. एकेक शेंडा धरून, पोळीवरचं तूप पुसून घ्यावं तसा साफ करत होते. वर्षभरात तेवढा एक कोपरा पिकला होता. घागरीतलं बरंचसं तेल त्याच कोपऱ्यातलं.

"अगं, बसलीस काय? ओत की!" मागून गलका झाला. "वेळ जातोय!"

एवढ्या गर्दीपुढे अंजिरा कधी बोलली नव्हती. तेल ओतलं तर हे सगळे गुदमरून मरणार. आणि नाही ओतलं, तर उद्या पीक गेल्यावर गाव कुणाकडे बोट दाखवणार? तिच्याकडे, आणि तिच्या लेकीकडे. पण मेले तर येत्या थंडीत मावा खाणार कोण?

ती उठली. "पाटीलबाबा," ती म्हणाली, "मी ओतते. पण आधी एकदा तुमचा तळहात देवाला लावून बघा."

पाटलांनी भीत भीत हात लावला आणि उघडून डोळ्यांजवळ आणला. तळहातावर चार शेंदूर चालत होते. एक करंगळीवर चढला, तिथं त्यानं ढाल उघडली, आतून पंख काढले आणि भुर्रकन उडून गेला.

"अरे, देव उडाला!" बिरू ओरडला.

आधी सगळे हसले. पोट धरधरून हसले. "किड्यांना चांगभलं म्हणालो रे आपण!" आणि मग हळूहळू हसू विरलं. माणसाचं असंच असतं बघा. फजिती झाली की तो आधी हसतो, आणि मग काठी शोधतो.

"शेतात किडे, घरात किडे, आणि आता देवावरही किडे!" भगत लालबुंद झाला होता. "ह्यांनीच देव झाकलाय. गवत आणा, पाला आणा! धूर करा, जाळून टाका. मग तेल ओतू."

बघता बघता धोंड्याच्या पायाशी वाळलेल्या गवताचा ढीग झाला. कुणी चकमक काढली.

"थांबा!" अंजिरा ढिगाऱ्यात पाय रोवून उभी राहिली. "जाळायचं असेल तर आधी माझ्या पायाखालचं गवत पेटवा. ही घागर ह्यांनी भरलीय! ज्या कोपऱ्यात हे होते, तेवढाच पिकला. हे मावा खातात."

"तेलीणबाई, तू तेलातलं बघ," भगत म्हणाला. "किडा कधी किड्याला खातो?"

"मग खाताना दाखवते. पाटलीणबाई, माळ द्या इकडे तुमची."

पाटलीणबाईंनी माळ पुढे केली आणि स्वतःच दचकल्या. घाईत न पुसलेल्या रुईच्या पानांवर, कोवळ्या देठांवर, पिवळाधमक मावा थापल्यासारखा बसला होता. "अगंबाई! हे मी देवाला घालणार होते?"

अंजिरानं ती माळ अलगद धोंड्यावर टेकवली.

सगळ्यांच्या माना पुढे. एक ढालकिडा आला, थबकला, वळून गेला. "बघा!" भगत म्हणाला. मग दुसरा आला. त्यानं पानाच्या कडेवरचा मावा धरला आणि कुटुकुटु खाऊन टाकला. मग तिसरा आला. मग दहा, मग वीस! थोड्याच वेळात पिवळं देठ हिरवं होऊ लागलं.

"खातोय! खातोय रे!" पाटील लहान पोरासारखे टाळ्या पिटू लागले. बिरूनं पागोटं हवेत उडवलं. हलगीवाल्याला राहवेना, त्यानं पुन्हा हलगी धरली. पाटलीणबाई तर एकेका किड्याला हाक मारू लागल्या, "खा रे राजा, ते बघ तिकडे राहिलंय!"

भगत मात्र खाली वाकला, माळेवरचा एक किडा त्यानं बराच वेळ पाहिला. मग स्वतःच्या हातानं गवताचा ढीग दूर सारला.

"मी डोळे मिटून सांगितलं होतं, पोरी," तो म्हणाला. "उघडून बघायला पाहिजे होतं."

गाव वाजतगाजत खाली उतरला. पण अंजिराच्या डोक्यावर घागर भरलेलीच होती, आणि सूर्य कलायला लागला होता. टेकवता येईना, ओतायची कुठं कळेना. पायथ्याशी सासू चुलीपुढे बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"एवढंच ना? कढई तापलीय, गुळाच्या पाण्यात कणीक मळून ठेवलीय. ओत इथं!"

"आत्याबाई, देवाची घागर माणसांच्या पोटात?"

"सकाळपासून उपाशी लेकरं दिसतायत ना तुला? मग ह्याच्यावर कुठला देव रागावणार आहे? ओत!"

त्या संध्याकाळी गावानं पोटभर तेलच्या खाल्ल्या, आणि सूर्य मावळायच्या आत घागर रिकामी झाली.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. कपारीत निजलेल्या ढालकिड्यांची झोप मोडू नये म्हणून बिरू आपली मेंढरं तिला वळसा घालून नेऊ लागला. करडई पेरली, उगवली, कमरेला लागली. आणि पौषात नको तेच झालं. तीन दिवस आभाळ भरून राहिलं आणि करडईवर मावा पडला. काजळ सांडावं तसा.

"तेल ओतलं असतं तर," कुणी पुटपुटलं. अंजिरानं ते ऐकलं. ती बांधावर गेली आणि चिंगीला छातीशी धरून डोंगराकडे बघत उभी राहिली. पहिला दिवस गेला. दुसरा गेला, तिसराही गेला. सासू म्हणाली, "घरी चल गं." ती हलली नाही.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. कपारीतून आधी एक लाल धागा निघाला. मग दोरी झाली. मग अख्खा पदर उलगडावा तसा डोंगरावरून लाल रंग खाली झेपावला, उन्हात झगमगत, डोक्यावरून भिरभिरत, शेतावर, बांधावर, माणसांच्या खांद्यांवर!

"आले! आले!" अंजिरा ओरडत गावात धावली. "बाहेर या! सगळे बाहेर या!"

गाव आहे तसा पळत आला. हाताला पीठ लागलेलं, डोकं अर्धं विंचरलेलं. सगळे बांधावर उभे राहून बघत होते. एकेका झाडावर दहा-दहा ढाली चढत होत्या. भगताच्या नाकावर एक येऊन बसला. तो उडेपर्यंत भगत श्वास रोखून उभा राहिला, शिंकलासुद्धा नाही.

पंधरा दिवसांत करडई पिवळ्या-केशरी फुलांनी भरून गेली. त्या साली घाणा पाडव्यापासून जो फिरू लागला, तो पावसाची चाहूल लागेपर्यंत थांबला नाही. गाव सोडायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. चिंगी त्याच अंगणात पळायला शिकली.

म्हणून सांगते, लहानांनो आणि मोठ्यांनो: हात जोडायच्या आधी आणि हात उगारायच्याही आधी, डोळे उघडून नीट बघावं.