आवाज ऐकून दिलेला काढा

फार फार वर्षांपूर्वी, मुलांनो आणि मुलांच्या वडीलधाऱ्यांनो, डोंगरापलीकडच्या एका राज्यात एक रुग्णशाळा होती. वेदना शमवणारा काढा कोणाला किती द्यायचा, हे तेथे एक वैद्यीणबाई ठरवत. पुढे जे घडले, ते त्यांच्याच निर्णयाने घडले.

काढ्याची मुळी दुर्मिळ होती, म्हणून त्यांनी नियम केला होता. जो मोठ्याने कण्हेल त्याला पेलाभर, जो हळू कण्हेल त्याला अर्धा पेला आणि जो गप्प राहील त्याला काहीच नाही. आपल्या तीक्ष्ण कानांचा त्यांना अभिमान होता.

एकदा शेजारशेजारच्या खाटांवर दोन रुग्ण आले. एक होता मनगट मोडलेला कासार. दुसरी होती दगडाच्या खाणीतली पाथरवटीण. तिच्या पायावर शिळा पडली होती. कासार असा विव्हळे की छपरावरची कबुतरे उडून जात. पाथरवटीण मात्र, केव्हाही विचारले तरी, "बरं आहे, बाई," एवढेच म्हणे.

वैद्यीणबाई गोंधळल्या. हिला दुखत नसेल, तर कपाळावर घाम का? भाकरी तशीच परत का जाते? पाय हलवायला सांगितला की ही नजर का चुकवते? आळशी म्हणावी, तर तळहातांना घट्टे पडलेले. इकडे कासार काढा पिऊन गुंगीत पडे आणि जाग येताच पुन्हा हाका मारी. त्याचेही कोडे त्यांना उलगडेना. त्यांनी नियम पुन्हा तपासून पाहिला. त्यात खोट दिसली नाही, आणि गोंधळ मात्र वाढला.

एके दुपारी पाथरवटीण एकाएकी ओरडली, "पळा रे, पळा!" तिच्याखेरीज सगळे अंगणात धावले. मागोमाग छपराची तुळई कासाराच्या रिकाम्या खाटेवर कोसळली.

वैद्यीणबाई पेला भरून पाथरवटिणीजवळ आल्या. "घे. आज तू ओरडलीस."

"दुखतं म्हणून नाही ओरडले, बाई. तुळई सरकली म्हणून ओरडले."

"मग दुखते तेव्हा काय करतेस?"

"गप्प राहते. खाणीत कुणी ओरडलं की दरड आली असं समजून सगळे हातचं टाकून पळतात. एकटीच्या दुखण्यापायी कोण ओरडेल?"

"म्हणजे तुला दुखत होते?"

"शिळा पडल्यापासून. पाय निखाऱ्यांत धरल्यासारखा."

दारातून कासार म्हणाला, "आमच्या आळीत आजारी माणूस ओरडला की शेजारी येऊन बसतात. इथं ओरडलं की काढाच येतो."

वैद्यीणबाईंनी पेला पाथरवटिणीच्या ओठांना लावला. ती गाढ झोपली, उठून पोटभर जेवली आणि पाय हलवू लागली. परंतु इतके दिवस वेदनेने आखडून धरलेला घोटा पुरता सैल झाला नाही. खाणीच्या पायऱ्या तिला पुन्हा कधीच चढता आल्या नाहीत.

मग वैद्यीणबाईंनी सर्वांना बोलावून ठरवले की, प्रत्येकाला कोठे आणि किती दुखते, दुखण्यामुळे काय करता येत नाही, हे विचारावे. आणि काढा दिल्यावर उतार पडला का, तेही विचारावे. सेवकांनी मान्य केले. रोज कोणीतरी जवळ बसेल, असे वचन घेऊन कासारानेही मान्य केले. सर्वांत शेवटी पाथरवटिणीने होकार दिला, पण एका अटीवर: "विचारा, बाई, पण पहिल्याच उत्तरावर उठून जाऊ नका."

तात्पर्य: दुसऱ्याची वेदना आपल्या कानांनी मोजू नये, ती त्यालाच धीराने विचारावी आणि त्याने सांगितलेली खरी मानावी.