एकशे सात टोल

एका गावात ख्रिस्ती मंडळीचा एक पाळक होता. माणूस साखरेसारखा गोड, आणि साखरेसारखाच लगेच विरघळणारा. 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला असेल, तर तो पाळण्यात असताना. कोणी काही मागितलं की तो मान डोलवायचा आणि म्हणायचा, "बरं, तसंच करू."

गावात ख्रिस्ती घरं होती अकरा. पत्र्याची एक खोली, खाली एक सतरंजी, तेच त्यांचं चर्च. बाहेर कडुनिंबाच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता. रविवारी सकाळी एक म्हातारी त्यावर हातोड्याने टोल मारायची. तिला सगळे टोलेबाई म्हणत. तिचे टोल मोजून अकरा असत, घरागणिक एक.

टोल मारून झाले की टोलेबाई दाराशी बसायची आणि येणाऱ्यांची तोंडं बघायची. एखादं घर दिसलं नाही, की उपासना सुटल्यावर तडक त्यांच्या दारात. "आज का गं आली न्हाईस? ताप हाय का भांडान?" ताप असला तर काढा उकळायची, भांडण असलं तर नवराबायको दोघांची कानउघाडणी करायची. पाळकाच्या कानावर जाण्याआधीच निम्मी दुखणी बरी झालेली असत. पाळकाला मात्र वाटे, आपणच फार चांगले पाळक आहोत.

मग एके वर्षी नदीचा कालवा निघाला, माळाला पाणी आलं, आणि पाण्यामागून माणसं आली. अकरा घरांची तीस झाली, तिसाची साठ झाली, आणि बघता बघता आकडा एकशे सातवर गेला. पत्र्याच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा उरेना. लोक खिडकीत बसून गाऊ लागले, झाडाखाली उभे राहून प्रार्थना करू लागले. पाळकाला तर आभाळ ठेंगणं झालं.

"नवं चर्च बांधायचं!" तो म्हणाला, आणि सगळ्या मंडळीने टाळ्या वाजवल्या.

नव्या वस्तीत एक गवंडी होता. त्याने मजुरीचा शब्द न काढता मनोरा उचलला, एकेक दगड स्वतः घडवून बसवला. एक निवृत्त हवालदार होते. त्यांनी शहरातून घंटा आणली, बैलगाडीबरोबर तीन दिवस पायी चालत. आणि घंटा तरी केवढी! आत दोन पोरं उभी राहून लपंडाव खेळतील एवढी. ती गावात शिरली तेव्हा ढोलकी वाजत होती, बायका गाडीवर फुलं टाकत होत्या, आणि पाळक गाडीपुढे चक्क नाचत होता.

पण माणसं वाढली तशा कुरबुरीही वाढल्या. जुने म्हणत, नवे फार मोठ्याने गातात. नवे म्हणत, जुने सतरंजीवरची पुढची जागा सोडत नाहीत. जो तो पाळकाच्या घरी एकटा यायचा, चहा प्यायचा आणि दुसऱ्याबद्दल सांगायचा. पाळक मान डोलवायचा, "बरं, तसंच करू." आलेला माणूस हसत परत जायचा. मग पाळक कप उचलत बायकोला सांगायचा, "मिटलं बघ!"

उद्घाटनाच्या आठवड्यात असेच तिघे आले. सोमवारी टोलेबाई आली. "पाळकसाहेब, नव्या घंटेचा पयला टोल माझ्या हातचा पायजे." पाळक म्हणाला, "बरं, तसंच करू." बुधवारी गवंडी आला. "मनोरा म्या बांधला, पयला टोल माझा." "बरं, तसंच करू." शुक्रवारी हवालदार आले, मिशीला पीळ देत. "घंटा मी आणली. पहिला टोल मीच देणार." पाळकाला मागचे दोघे आठवले, पण हवालदारांच्या मिशीकडे बघून तो म्हणाला, "बरं, तसंच करू."

शनिवारी सकाळी पाळकीणबाई पिठाच्या गिरणीतून घरी आल्या, आणि डोक्यावरचा डबा खाली ठेवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "अहो, घंटेला दोर किती?"

"एक. का?"

"मग पहिला टोल देणारे तीन कसे? टोलेबाईंनी ठेवणीतलं लुगडं काढलंय. गवंड्याने नवा पटका आणलाय. हवालदार सकाळपासून कोटाची बटणं घासताहेत. गिरणीत दुसरा विषय नाही."

पाळकाच्या आता ध्यानात आलं. उद्या पंचक्रोशी जमणार होती, शहरातून मोठे पाळक येणार होते, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एका दोरावर तीन हात पडणार होते. मग तिघांच्या मागे तीन तट, आणि नव्या चर्चच्या पहिल्याच दिवशी मंडळीची तीन शकलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "मला जरा कणकण वाटतेय. उद्या मी नाही आलो तर?"

पाळकीणबाईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. "कपाळ गार आहे. तिघांना बोलवा. आत्ता, आणि एकत्र."

"एकत्र? भांडतील ना!"

"उद्या चव्हाट्यावर भांडण्यापेक्षा आज आपल्या ओट्यावर भांडू द्या."

तिघे आले. एकमेकांना बघून तिघांच्या भुवया वर चढल्या. आज पाळकाने चहा मागवला नाही. तो म्हणाला, "पहिला टोल तुमचा, असं मी तुम्हा तिघांनाही सांगितलं. मी खोटं बोललो. कोणी रुसेल, मंडळी सोडून जाईल, याची मला भीती वाटत होती. चूक माझी आहे, तुमच्यापैकी कोणाची नाही."

हवालदार ताडकन उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "सत्तावीस वर्षं नोकरी केली, पाळकसाहेब. चोरांनीसुद्धा मला असं बनवलं नाही!" आणि ते ओटा उतरून चालू लागले.

पाळक अर्धवट उठला. 'बरं, तसंच करू' जिभेच्या टोकावर आलं होतं. तेवढ्यात आतून पाळकीणबाई खाकरल्या, आणि तो परत खाली बसला. मग त्याने आजवर कधी न विचारलेली गोष्ट विचारली. "टोलेबाई, तुम्हाला पहिला टोल हवा तरी कशाला?"

टोलेबाईने पदराने डोळे टिपले. "मला कशाला वो मान या वयात? पर ही मोठी घंटा. ती ढण्ण वाजल, पर कुणाच्या घरासाठी वाजली ते कसं कळायचं? तीस घरं व्हती तवर म्या बोटावर धरलं. आता कोण आलं न्हाई तेच कळंना. कालव्याकडच्या वस्तीत एक बाळंतीण हाय म्हनं. तीन रविवार आली न्हाई, आन मला ठावच न्हाई! म्हनलं, दोर माझ्या हातात ऱ्हायला तर समद्यांची मोजदाद तरी ठेवीन."

गवंडी दचकला. "मावशी, ती माझी सून."

"तुझी सून?"

"तीन रविवार कुणी उंबऱ्याला आलं न्हाई. म्हनून तर दोर मागितला! तुमच्या अकरा टोलांत आमच्या घराचा टोल कधी वाजलाच न्हाई, मावशी. म्हनलं, आपणच वाजवू, म्हंजे आमीबी हाओत हे समद्यांना कळंल."

टोलेबाईने त्याचा दगड फोडून घट्टे पडलेला हात दोन्ही हातांत धरला. "आरं लेकरा, माझं चुकलं रं!" गवंडी लहान मुलासारखा रडू लागला. पाळकाला फार लाज वाटली. दोघंही त्याच्याच ओट्यावर त्याचाच चहा पिऊन गेले होते, आणि 'का' एवढा एक शब्द विचारायचं त्याला सुचलं नव्हतं.

मग मात्र टोलेबाई, गवंडी आणि पाळक, तिघांच्या अंगात वारं शिरलं! उन्हं डोक्यावर यायच्या आत ठरलं की साधारण अकरा घरांमागे एकेक टोलेबाई हवी. दहा जण निवडले, जुन्यांतले पाच आणि नव्यांतले पाच. टोलेबाईने त्यांना निंबाखाली बसवून शिकवलं, दार कसं वाजवायचं, ताप आणि भांडण तोंडावरून कसं ओळखायचं. आणि पहिला टोल? गवंडीच म्हणाला, "पयला मावशीचा. मग समद्या घरांचा, ज्याचा त्यानं आपल्या हातानं."

संध्याकाळी पाळक हवालदारांच्या घरी गेला. दार बंद होतं. त्याने बाहेरूनच सांगितलं, "उद्या तुमच्या घरचाही टोल आहे. आम्ही वाट पाहू." मग तो परत फिरला.

रविवार उजाडला. काय ती गर्दी! बैलगाड्या, पताका, लेझीम, चुलाणावर रटरटणारा रस्सा! टोलेबाई मनोऱ्याखाली बसली, ओटीत ज्वारीचे एकशे सात दाणे मोजून घेऊन, घरागणिक एक. तिने पहिला टोल दिला आणि गावाच्या छपरांवरची कबुतरं उडाली. मग एकेक घर पुढे येऊ लागलं. कोणी हळूच दोर ओढला, कोणी लोंबकळलं. गवंड्याची सून तान्ह्याला कुशीत घेऊन आली, आणि तान्ह्याची मूठ दोरावर ठेवून तिने टोल दिला. तेव्हा तर सगळी मंडळी आरोळ्या ठोकू लागली. प्रत्येक टोलाला टोलेबाई एक दाणा बाजूच्या सुपात टाकत होती, आणि लोक मोठ्याने मोजत होते. शंभर! एकशे एक! एकशे पाच! एकशे सहा!

मग दोर नुसताच हलत राहिला. टोलेबाईने ओटी चाचपली आणि आत सापडलेला दाणा दोन बोटांत धरून हात वर केला. "एक दाणा उरला!"

शहरातून आलेले मोठे पाळक घड्याळ बघत म्हणाले, "फार उशीर झाला. एकशे सहा काही कमी नाहीत. सुरू करू या ना?"

पाळकाने सवयीने मान डोलवली. "बरं, तसं..." म्हणाला, आणि थांबला. सगळी मंडळी त्याच्याकडे बघत होती.

"नाही," पाळक म्हणाला.

पाळकीणबाईंनी चमकून वर पाहिलं. पाळकाने टोलेबाईच्या हातातला दाणा घेतला, पांढरा झगा गुडघ्यापर्यंत उचलला आणि पळत सुटला. मोठे पाळक बघतच राहिले.

हवालदार आपल्या ओट्यावर बसले होते. अंगात कोट, बटणं लखलखीत, पायांत बूट. फक्त जागचे हलले नव्हते. पाळकाने धापा टाकत मूठ उघडली. "हवालदारसाहेब, पहिला टोल टोलेबाईंचा झाला. तो मी तुम्हाला देऊ शकत नाही. पण तुमच्या घरचा राहिलाय. मी तुम्हाला फसवलं, मला माफ करा. रागवायचं तर रागवा, पण चला."

"आणि तिकडं?"

"सगळे थांबलेत."

हवालदारांनी त्याच्या तळहातावरचा दाणा बोटाने हलवून पाहिला. मग ते म्हणाले, "मीही इथं बसून मोजत होतो. एकशे सहा झाले. म्हटलं, बघू या, आता थांबतात का पुढं जातात."

ते दोघे चर्चच्या वाटेवर दिसले, तसा एकच गलका झाला. गवंड्याने स्वतः दोर धरून हवालदारांच्या हातात दिला. हवालदारांनी बूट जुळवले, छाती काढली आणि असा टोल दिला की नव्या मनोऱ्यातली धूळ खाली आली.

पाळकाने परत दिलेला शेवटचा दाणा टोलेबाईने सुपात टाकला.

"एकशे सात भरले!" ती म्हणाली, आणि उपासनेला सुरुवात झाली.

तात्पर्य: माणसं वाढली की कुरबुरी वाढणारच; पुढाऱ्याने प्रत्येकाला एकट्यात 'हो' म्हणून त्या मिटत नाहीत. रुसलेल्यांना समोरासमोर बसवावं, 'का' म्हणून विचारावं, आपलं चुकलं तर कबूल करावं. आणि किती आले हे मोजून झालं, की कोण आलं नाही ते बघायला स्वतः उठावं.