कोऱ्या चाकांचा रथ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. लहानांनी ती मांडी घालून ऐकावी, मोठ्यांनी पाय पसरून ऐकली तरी चालेल. गोष्ट जरा दमलेली आहे, आणि सांगणाराही.

नदीकाठच्या एका राज्यात एक म्हातारा रथकार राहत असे. शर्यतीचे हलके, दोन घोड्यांचे रथ तो घडवी. वर्षाला फक्त पाच. जास्त का नाही, असे कोणी विचारले की तो म्हणे, लाकूड त्याच्या वेळेने वाळते, माझ्या घाईने नाही. मागणारे पुष्कळ होते, म्हणून त्याने दाराशी एक दोर टांगला होता. रथ हवा असेल त्याने यावे आणि आपल्या पागोट्याची चिंधी घालून दोराला गाठ मारून जावे. रथकार वरून एकेक गाठ सोडी आणि ज्याची गाठ सुटे त्याला रथ मिळे, मग तो सरदार असो की भाजीवाला. किंमत सगळ्यांना एकच.

आणखी एक रीत होती. नवा रथ घरी नेण्याआधी नदीच्या उतारातून पलीकडे न्यायचा. रथकार गुडघाभर पाण्यातून शेजारी चाले आणि चाकाचा आवाज ऐके. लाकूड पाणी पिऊन फुगे, आरे जागच्या जागी घट्ट बसत, वरची लोखंडी धाव लाकडाला आवळून धरी. मग ते चाक वर्षानुवर्षे हलत नसे. मात्र रथ रोज फिरता हवा.

त्याच गावात एक सारथी होता. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या. घरी त्याच्या स्वतःच्या दोन घोड्या होत्या, शेवंती आणि केतकी. शिंगरे होती तेव्हापासून त्याने त्यांना हाताने चारा भरवला होता. दसऱ्याच्या शर्यतीत एकदा, फक्त एकदा, या दोघींना खऱ्या रथाला जुंपायचे एवढीच त्याची इच्छा. घोड्या ऐन भरात आल्या तेव्हा त्याने दोराला गाठ मारली. तीन वर्षांनी पाळी येणार होती. त्याने हिशेब केला, तेव्हाही त्या धावण्याजोग्या असतील.

तिसऱ्या वर्षी वेशीजवळचा एक व्यापारी रथकाराकडे आला. म्हणाला, "बाबा, लोकांची कटकट तुम्ही कशाला ऐकता? तुम्ही रथ घडवा, माणसं मी सांभाळतो."

रथकार खरोखरच कंटाळला होता. लोक जेवायच्या वेळी येत, गाठीवरून भांडत, कोणी मेव्हण्याची ओळख सांगे. त्याने दोर आणि वर्षाचे पाचही रथ व्यापाऱ्याला दिले. अटी दोनच घातल्या, किंमत वाढवायची नाही आणि गाठींचा क्रम मोडायचा नाही. व्यापाऱ्याने दोन्हींना मान डोलावली.

आणि त्याने शब्द मोडला नाही बरे का! रथाची किंमत तीच ठेवली. फक्त रथाबरोबर त्याच्याकडची मखमली झूल, चांदीच्या घुंगरांचा साज आणि मोरपिसांची छत्री घ्यावीच लागे, आणि या तिन्हींची किंमत तीन रथांएवढी होती. ज्याला ते परवडत नसे त्याने आपणहून पाळी सोडली, असे व्यापारी मानी.

सारथी रथापुरते पैसे घेऊन आला होता. झूल नको, घुंगरू नकोत, नुसता रथ द्या, असे तो परोपरीने म्हणाला.

व्यापारी गोड हसला. "तुमची गाठ दोराला आहे ना, सारथीबुवा? मग ती कुठे पळून जाते? पुढच्या वर्षी या."

सारथी पुढच्या वर्षी आला. त्याच्या पुढच्या वर्षीही आला.

इकडे सारथ्याच्या पाळीचा रथ घेतला एका जहागीरदाराने. त्याने तो जुंपलाच नाही. महिन्याभराने दुप्पट पैसे घेऊन दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला. विकत घेणारा आधी चाकावरून पांढरे फडके फिरवून बघे. फडक्याला माती लागली की भाव पडे. म्हणून नदीचा उतार बंद झाला; रथकाराला मात्र व्यापारी सांगे, रथ पाण्यातून नेण्याचंही मीच बघतो. रथ एका घरातून दुसऱ्या घरात जायचा तो बैलगाडीत चढवून. शर्यतीचा रथ बैलगाडीत बसून चालला आहे, हे बघून पहिल्यांदा लोक हसले. नंतर हसण्याचाही त्यांना कंटाळा आला.

सहा वर्षे गेली. एका दसऱ्याला रथकाराला वाटले, आपले रथ धावताना बघून यावे. मैदानावर त्याने खूप वेळ डोळ्यांवर हात धरून पाहिले. तीस रथ धावले, गेल्या सहा वर्षांत त्याने घडवलेला त्यांत एकही नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने त्याला सगळे सांगितले.

तो तडक जहागीरदाराच्या घरी गेला. जहागीरदाराने भाव वाढतोय म्हणून तोच रथ चौपट पैसे मोजून परत घेतला होता. रथ दिवाणखान्यात चौथऱ्यावर उभा होता. रथकाराने चाकाच्या एका आऱ्याला बोट लावले. आरा पडायला आलेल्या दातासारखा हलला.

"याला पाणी लागलंच नाही?" त्याने विचारले.

"पाणी लागलं असतं तर घेतला कोणी असता?" जहागीरदार म्हणाला. आपला रथ भक्कम आहे हे दाखवायला त्याने तिथल्या तिथे घोडे आणवले. रथ फाटकापर्यंत पोहोचला, आणि चाकाची धाव निसटून एकटीच रस्त्याने घरंगळत गेली.

दुसऱ्या दिवशी गावात कोऱ्या रथाला गिऱ्हाईक उरले नाही. व्यापाऱ्याने स्वतःही सात रथ चढ्या भावाने परत घेऊन ठेवले होते. ते त्याच्या वखारीत झुलीखाली सुकत राहिले, आणि ती झूलही कोणी घेतली नाही.

रथकाराने आपला दोर परत आणला. सारथ्याची गाठ इतकी जुनी झाली होती की नखांनी सुटेना, ती कापावी लागली. त्या वर्षीचा पहिला रथ तो स्वतः ओढत सारथ्याच्या दारी घेऊन गेला. किंमत जुनीच सांगितली.

सारथ्याने रथाभोवती एक फेरी मारली. चाकावर हात ठेवला. "सुंदर झालाय, बाबा," तो म्हणाला. "पण जुंपू कुणाला? केतकी गेल्या थंडीत गेली. शेवंतीला आता दिसत नाही."

रथकार पायरीवर बसला. "मी दमलो होतो म्हणून त्याला दोर दिला. माझ्या दमण्याची किंमत तू भरलीस."

सारथ्याने हात देऊन त्याला उठवले. मग दोघांनी रथ ढकलत नदीवर नेला, कारण रीत ती रीत. शेवंती आवाजाच्या मागाने हळूहळू चालत आली. पाण्यात चाके करकरली, लाकूड फुगून घट्ट बसले. तो आवाज ऐकून म्हाताऱ्या घोडीने कान टवकारले आणि जागच्या जागी दुडक्या चालीची दोन पावले टाकली. सारथी तिच्या मानेला मिठी मारून रडला.

संध्याकाळी तो रथ दोरावरच्या पुढच्या गाठीला मिळाला. ती एका तरुण कुंभाराची होती, आणि त्याच्या घोड्या अजून भरात होत्या.

तात्पर्य: धावण्यासाठी घडवलेली वस्तू जो भाव चढावा म्हणून अडवून ठेवतो, तो कुणाचे तरी धावायचे दिवस खातो, आणि ते दिवस कुठल्याही किमतीला परत मिळत नाहीत.