हद्दीवरचा तवा

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी, तुमच्या पणजोबांचे पणजोबाही रांगत नव्हते तेव्हा, एक राज्य होतं. राज्य मोठं, पण जमिनीच्या पोटात सगळीकडे सारखं काही नव्हतं. उत्तरेच्या डोंगरात लोखंडाचा दगड, इतका की पोरं आंबे पाडायलाही तोच भिरकावायची. डोंगराच्या पायथ्याशी रान लागायचं, त्या रानाखाली दगडी कोळसा. आणि रानाच्याही पलीकडे समुद्र होता, तिथे मिठागरं.

डोंगरावर लाकूडफाटा बेताचाच. त्यामुळे रानातला कोळसा बैलगाड्यांतून वर जायचा, वरून पहारी आणि कुदळी खाली यायच्या, आणि मिठाचे बैल दोन्हीकडे फिरायचे. असं किती पिढ्या चाललं होतं कोण जाणे. सुरळीत चाललेल्या गोष्टीची कोणी मोजदाद करत नाही, मीही केलेली नाही.

डोंगराचा पाटील होता राणोजी. माणूस लाखमोलाचा, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. त्याची लेक तानी. तिचं लग्न ठरलं रानच्या पाटलाच्या मुलाशी, लिंबाजीशी. तानीला लिंबाजी मनापासून आवडला होता. त्यात लाजायचं काय, आवडला होता.

आता डोंगरातली एक रीत ऐका. लेकीच्या लग्नाला नव्या लोखंडाचा तवा घडवायचा. त्यावरची पहिली भाकरी दोन्ही व्याह्यांनी एकाच वेळी धरून मोडायची. ती मोडली की मग अक्षता. तवा नाही तर लग्न नाही, राजाची लेक असली तरी नाही.

सुपारी फुटली, जेवणं झाली. रानचा पाटील शिदोजी पोटावरून हात फिरवत गमतीने म्हणाला, "व्याही, खरं सांगा, तुमच्याकडे आहे काय? दगडच ना? आमचा कोळसा लागतो तेव्हा कुठे त्याचं लोखंड होतं."

राणोजीचे कान लाल झाले. "आणि तुमचा कोळसा काय नखांनी उकरता? पहार कोणाची?"

मस्करीची कुस्करी कधी झाली कोणाला कळलं नाही. राणोजी उठून म्हणाला, "आजपासून रानच्या कोळशाची एक पाटी माझ्या हद्दीत येणार नाही. बघाच, लेकीचा तवा मी माझ्याच डोंगराच्या जाळावर घडवून दाखवतो."

शिदोजी काय कमी? तोही उठला. "तुमच्या लोखंडाचा खिळासुद्धा माझ्या रानात येणार नाही." हद्दीच्या आत काही येऊ द्यायचं नाही, अशी दोघांनी आपापल्या देवाची शपथ घेतली आणि रस्ते बंद केले. मिठाच्या बैलांनाही दोन्हीकडून मज्जाव झाला. त्या बिचाऱ्यांचा काय गुन्हा, पण रागाला एवढं कुठलं भान.

राणोजीने भट्टी पेटवली. आधी सरपण जाळलं, मग गावभरच्या गोवऱ्या, मग गोठ्याची दारं. शेवटी स्वतःची बाजही भट्टीत घातली आणि त्या दिवसापासून जमिनीवर निजू लागला. दगड नुसता लाल व्हायचा आणि गार झाला की पुन्हा होता तसा. भात्यावरची माणसं घामाघूम झाली, लोखंड काही निघेना.

रानात वेगळीच तऱ्हा. जुन्या पहारी बोथटल्या, कुदळी मोडल्या. शिदोजी म्हणाला, "आपले वाडवडील लाकडी खुंट्यांनीच खणायचे." झालं, सगळे खुंट्या घेऊन निघाले. संध्याकाळी प्रत्येकाचे हात असे सुजले की घास तोंडाशी नेता येईना. वाडवडील खरंच तसं करत होते का, हे शिदोजीला कोणी विचारलं नाही.

आणि मीठ संपलं. राणोजीच्या घरची आमटी गावात सगळ्यात अळणी. तो डोळे मिटून भुरके मारायचा आणि म्हणायचा, "मीठ म्हणजे नुसते जिभेचे चोचले." मग गुपचूप लोणच्याची रिकामी बरणी पुसून बोट चाटायचा.

लग्नाची तिथी तोंडावर आली. ती चुकली तर पुढे कितीतरी दिवस मुहूर्त नव्हता, आणि दोघा बापांचा राग बघता पुढच्या मुहूर्तापर्यंत सोयरीकच मोडणार हे तानीला स्वच्छ दिसत होतं. ती आधी पोटभर रडली. रडून झाल्यावर तिला राग आला. तशी ती बापाचीच लेक.

ती तडक हद्दीच्या दगडापाशी गेली आणि पलीकडे ढोरं चारणाऱ्या माणसाबरोबर लिंबाजीला निरोप धाडला. लिंबाजी धावतच आला. ती अलीकडे, तो पलीकडे.

तानी म्हणाली, "आबांनी शपथ घेतली, कोळसा डोंगराच्या हद्दीत यायचा नाही. मामंजींनी घेतली, लोखंड रानात जायचं नाही. हद्दीवर भट्टी बांधू नका, अशी शपथ कोणी घेतली आहे का?"

लिंबाजी डोकं खाजवत राहिला. मग हसायला लागला, आणि माती कालवायला बसला.

लग्नाच्या तिथीला सकाळी भट्टी उभी राहिली, बरोबर हद्दीच्या रेषेवर. अर्धं पोट डोंगरात, अर्धं रानात. तानी आणि तिच्या मैत्रिणी अलीकडून दगड टाकत होत्या, लिंबाजी आणि त्याचे सोबती पलीकडून कोळसा. डोंगरचा लोहार ऐरण घेऊन आलाच होता. रिकामा बसून त्याला वेड लागायची पाळी आली होती. रस्ते बंद झाले तेव्हा वाटेतच अडकलेली हौसाबाई मीठवाली शेजारीच आपले बैल सोडून बसली होती. तिला कोणीच आत घेईना, मग ती जाणार कुठे?

धूर दिसला तसे दोन्ही पाटील आपापली माणसं घेऊन धावत आले. राणोजीने खाली वाकून पाहिलं. भट्टीच्या बाहेर कोळशाचा एकही खडा त्याच्या हद्दीत पडलेला नव्हता. शिदोजीनेही पाहिलं. शपथ कुठेच मोडलेली नव्हती. ओरडावं कशावर हे दोघांनाही सुचेना, म्हणून ते कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

दुपारी लोखंड निघालं. लोहाराने ठोकठोकून त्याचा तवा केला आणि तापलेला तसाच हद्दीच्या दगडावर ठेवला. तो दिसला मात्र, राणोजीचा ऊर भरून आला. लेकीचा तवा होता तो. पण तोंडातून निघालं भलतंच. "हा माझ्या डोंगराचा तवा."

"माझ्या कोळशाचा," शिदोजी म्हणाला.

तानी शांतपणे म्हणाली, "मग भांडता कशाला? ज्याचं त्याने वेगळं करून घरी न्या."

राणोजीने मागचापुढचा विचार न करता तव्याला हात घातला. पुढच्या क्षणी त्याची चारही बोटं तोंडात होती. शिदोजी खो खो हसला.

"मामंजी, तुम्ही हसू नका," तानी म्हणाली. "आबांना लोखंड न्यायचं आहे, पण त्यातली आच तुमची आहे. तेवढी तुम्ही काढून घ्या."

शिदोजीचं हसू थांबलं. त्याने तव्याभोवती एक चक्कर मारली, मग दुसरी. काय काढणार आणि कशात भरून नेणार? दोन्हीकडची माणसं तोंडाला पदर आणि फेटे लावून हसत होती. राणोजीने तोंडातून बोटं काढली, व्याह्याकडे बघितलं आणि त्यालाही हसू आवरेना. हसता हसता त्याचे डोळे भरले.

"व्याही," तो म्हणाला, "चुकलो. तुमच्या कोळशावाचून माझा डोंगर म्हणजे धोंडा."

"आणि तुमच्या पहारीवाचून माझी ही दशा," शिदोजीने सुजलेले हात पुढे केले. "आता भाकरी टाका, भूक लागली."

हौसाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "पिठात मीठ घाला गं आधी. इतके दिवस अळणी खाऊन यांच्या अकला पातळ झाल्यात." आणि तिने मूठ मोकळी केली.

भाकरी फुगली. एका बाजूने भाजलेली बोटं, दुसऱ्या बाजूने सुजलेला हात, अशी ती मोडली गेली, आणि हद्दीवरच अक्षता पडल्या. दोघांनी आपापल्या देवाला नारळ फोडून शपथ सोडली आणि रस्ते त्याच संध्याकाळी उघडले. हद्दीवरची भट्टी मात्र कोणी मोडली नाही. तिच्याभोवती लोहारांची घरं झाली, कोळशाचे अड्डे झाले, मिठाची दुकानं झाली, आणि राज्यातलं सगळ्यात गजबजलेलं गाव तिथे वसलं.

तर लहानथोरहो, ध्यानात धरा: कोणत्याही मुलखाला सगळं मिळत नसतं, म्हणून आपल्याकडे आहे ते द्यावं आणि नाही ते मागायला लाजू नये.