चौदा मतांची वाडी

सहा वॉर्डांच्या एका गावात जिवबा नावाचा एक चितारी राहत होता. निवडणूक झाली की तो निकालाचा नकाशा रंगवून पंचायतीच्या भिंतीवर लावी. सरपंच भुजंगरावांना जिथे मतं जास्त, तो वॉर्ड पिवळा. विरोधात जास्त, तो निळा. फरक मोठा तसा रंग गडद. अडाणी माणसालाही निकाल कळे आणि लोक जिवबाचं कौतुक करीत. कौतुक कुणाला नको असतं?

एकदा निवडून आल्यावर भुजंगरावांनी त्याला बोलावलं. "जिवबा, वॉर्डाचा नकाशा कोणीही काढील. तू वस्ती-वस्तीचा काढून दाखव. प्रत्येक वस्तीची मतपेटी वेगळीच असते, आकडे मी देतो."

जिवबा हरखला. घरी येऊन त्याने बारीकातला बारीक कुंचला काढला. त्याची बायको सगुणा म्हणाली, "अहो, वॉर्डात हजार माणसं. कोणी कोणाला मत दिलं, कळत नाही. खडकवाडीत चौदाच मतं आहेत. तिथं रंग दिलात म्हणजे बोट दाखवल्यासारखंच की."

"मी खोटं थोडंच रंगवतोय?" जिवबा म्हणाला. शहाण्याला कोण सांगणार!

खडकवाडीची चौदाच्या चौदा मतं विरोधात होती. जिवबाने ती वाडी गडद निळी रंगवली. भुजंगरावांनी नकाशातल्या त्या निळ्या वाडीवर बोट ठेवलं. त्या आठवड्यापासून पाण्याचा टँकर खडकवाडीला सर्वांत शेवटी जाऊ लागला, तोही अर्धा. विचारलं तर उत्तर मिळे, "रस्ता खराब आहे." वाडीतली ठकूमावशी दोन कोस चालून पाणी आणू लागली. गावात कोणी मोठ्याने बोलेना. जो तो नकाशात आपलं घर कुठं येतं ते बघून मान खाली घालून परते. जिवबालाही धसका बसला, पण नकाशा काढून घ्यायचं धाडस त्याला झालं नाही.

पुढची निवडणूक आली. लोक भिंतीवरच्या नकाशाकडे एकदा बघून रांगेत उभे राहिले. जिवबानेही भीतीपोटी भुजंगरावांनाच मत दिलं. निकालाचे आकडे जिवबाच्या हातात आले. सगळं गाव पिवळं होतं. खडकवाडीसुद्धा. निळं मत एकच होतं आणि ते जिवबाच्याच चितारआळीत होतं. आळीत मतं होती नऊ.

भुजंगराव शांतपणे म्हणाले, "नऊ जणांतला एक. कोण रे तो, जिवबा?"

"ठाऊक नाही, साहेब."

घरी आल्यावर सगुणाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अहो, ते माझं." जिवबाने आधी उठून दार लावलं.

दुसऱ्या दिवशी टँकर खडकवाडीला भरून गेला आणि चितारआळी वगळून परतला. चौथ्या दिवशी शेजारणी रिकामे हंडे घेऊन नकाशा काढणाऱ्या जिवबाच्या दाराकडे बघत बसल्या. कोणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

शेवटी जिवबा घागर घेऊन खडकवाडीला गेला. ठकूमावशीने ती काठोकाठ भरून दिली. जिवबाचे डोळे भरून आले. त्याने तिचे पाय धरले. ती मात्र रस्त्याकडे बघत होती. आवाज अगदी खाली आणून ती म्हणाली,

"पाणी ने, बाबा. पण आमच्याकडनं नेलंस, हे तेवढं नकाशात दाखवू नकोस."

तात्पर्य: दुबळ्याला उघडं पाडणारं सत्य बळवंताच्या हाती देऊ नये, आज शेजाऱ्याचं घर ओळखणारा उद्या आपलंही ओळखतो.